दुसऱ्या डोसची गोष्ट

ड्रेसरमामांनी आयुष्यात एकही गोष्ट पुरी सांगितली नाही. ऐन रंगात आलेली गोष्ट ते अशी तोडत, की ऐकणाऱ्याचं उघडं तोंड उघडंच राही. मग ते सिरिंज ट्रेमध्ये ठेवत, साबण लावून कोपरापर्यंत हात धूत आणि टॉवेल शोधता शोधता म्हणत, "पुढचं पंधरा दिवसांनी. मेंढरं घेऊन या."

सरकारी कागदावर त्यांचा हुद्दा व्रणोपचारक असा होता. पण सेनगावात हा शब्द कुणाच्या जिभेवर बसला नाही, म्हणून ते ड्रेसर, आणि वयामुळं मामा. जनावरांच्या दवाखान्यासमोर माझं सरकीपेंडीचं दुकान. गिऱ्हाईक नसलं की मी गल्ल्यावर आणि असलं की दवाखान्याच्या कट्ट्यावर, असा माझा धंदा चाले. त्यामुळं मामांना माझ्याइतकं कुणी ऐकलेलं नाही.

गोष्ट तोडण्यामागं कारण होतं. पावसाळ्याआधी मेंढरांना आंत्रविषाराची लस टोचतात, आणि नव्या कोकरांना पंधरा दिवसांनी दुसरा डोस लागतो. दुसऱ्या डोसला पूर्वी कुणी फिरकत नसे. "एकदा टोचलं की झालं," असं मारोतीबा म्हणायचा. "मेंढरू काय शाळेत जातंय व्हय, रोज रोज?" हा मारोतीबा म्हणजे आमच्या भागातला सगळ्यात मोठ्या कळपाचा मालक. एका पावसाळ्यात त्याचीच कोकरं पटापट मेली. मामा ती स्वतः बघून आले. पुढच्या वर्षी पहिल्या डोसच्या रांगेत त्यांनी गोष्ट सुरू केली. दुसऱ्या डोसला सगळे हजर. लस तीच, सुई तीच, फक्त मध्ये एक माणूस संकटात अडकवून ठेवलेला.

गोष्ट एका विज्ञान कादंबरीची होती. कुठल्या तरी परभाषेतून मराठीत आलेली, सुरुवातीची पानं गळालेली, त्यामुळं ना नाव, ना लेखक. पृथ्वी राहण्याजोगी उरली नाही, म्हणून एक जहाज माणसं घेऊन आकाशात निघालंय. पोचायला दोनशे वर्षं. जहाजातलं पाणी आटत चाललंय. मागचा अर्धा भाग बंद केला तरच पुढचे जगतील. दाराशी एक म्हातारा मेकॅनिक उभा आहे, दार लावायच्या दांड्यावर हात ठेवून. आणि दारामागं राहिलीय एक गाभण मेंढी. तिचं नाव बांडी.

त्या दांड्यावर मेकॅनिकचा हात मामांनी किती वर्षं ठेवला, हे मी मोजलेलं नाही. जहाजातला एकेक माणूस येऊन त्याला सांगे, लाव दार, नको लावू दार. डोस संपत, गोष्ट संपत नसे. जहाजाला दोनशे वर्षं लागणार होती, मामांनाही घाई नव्हती. त्यांचं एकच माप होतं. "गोष्ट लागली की बिडी विझती, शेठ. वढायची इसरतो माणूस." मला शेठ ते टोमणा म्हणून म्हणत. खरोखर, बांडी आतून दाराला डोकं घासू लागली की कट्ट्यावरच्या सगळ्या बिड्या बोटांतच विझत.

आणि मग सिनेमा आला. त्याच कादंबरीवरचा. हिंदीत बोलणारा, पण जहाज तेच, मेकॅनिक तोच. मोबाइलवर त्याची जाहिरात पहिल्यांदा मी बघितली, आणि खोडी काढायची संधी मी सोडत नाही. पहिल्या डोसच्या दिवशी, मामांनी गोष्ट तोडली त्या क्षणी, मी मोबाइल मारोतीबाच्या हातात दिला. जहाज फुटत होतं, आगीचे लोळ उठत होते. अर्धी रांग त्या पडद्यावर वाकली.

"आयला! मग काहून थांबायचं पंधरा दिवस?" मारोतीबा ओरडला. "हिंगोलीत पुरं दिसून राहिलं की!"

मामांनी माझ्याकडं बघितलं. रागानं नाही. औषधाच्या बाटलीवरची तारीख बघावी तसं.

चार दिवसांनी मेंढरं बायकांच्या ताब्यात देऊन पंधरा-वीस जण पिकअपमध्ये बसून हिंगोलीला दुपारच्या खेळाला गेले. मामा आणि मी एसटीनं. मामांनी तिकीट काढलं, पण पडदा फारसा बघितला नाही. ते मान वळवून लोकांची तोंडं बघत होते. सिनेमा मात्र डोळे दिपवणारा, खोटं का बोला? तारे असे की हात लावावासा वाटे. पुस्तकात मेकॅनिक अकरा पानं दाराशी उभा राहतो, हे मामा मला कितीदा सांगत. सिनेमात त्यानं बटण दाबलं, दार लागलं, आणि पुढची वीस मिनिटं मागचा भाग फुटत होता. खुर्च्या थरथरल्या. मामा माझ्या कानाशी आले. "फुटून राहिलं ते बराबर हाय. पण कोणाचं?" आणि थोड्या वेळानं, "बघ, एकाचा बी पॉपकॉर्न खाता हात थांबला न्हाई."

 तरी येताना एसटीत, सेनगाव जवळ आल्यावर, मामा म्हणाले, "त्याहिले शेवट कळला. आता दुसऱ्या डोसला कोण येतंय?" मला खोडीची थोडी लाज वाटली. थोडीच.

दुसऱ्या डोसच्या दिवशी नऊ वाजले, दहा वाजले. मामांनी लशीच्या बाटल्या बर्फात ठेवल्या, काढल्या, पुन्हा ठेवल्या. साडेदहाला रस्त्यावर धूळ दिसली. पुढं मारोतीबा, मागं सगळा कळप, आणि त्याच्यामागं बाकीचे कळप. मारोतीबा भांडायलाच आला होता.

"मामा, बांडी कुठंय?"

"कुठं म्हंजी?"

"अख्खा सिनेमा बघितला. आग बघितली, धूर बघितला. बांडी न्हाईच! एक डाव दाखवली न्हाई त्याहिनं. कापली का काय?"

"तुला काय वाटतं?"

"कापलीच! तुमी सांगा आता, काय झालं तिचं."

मामांनी सिरिंज भरली. "कोकरू धर आधी," ते म्हणाले. त्या दिवशी एकही कोकरू टोचल्याशिवाय परत गेलं नाही.

संध्याकाळी मी मामांकडून ते पुस्तक मागून घेतलं आणि दोन दिवसांत वाचून काढलं. बांडी नव्हती. मेंढीच काय, अख्ख्या जहाजात कोंबडीसुद्धा नव्हती. मी विजयी मुद्रेनं कट्ट्यावर गेलो. "मामा, सिनेमावाल्याला नावं ठेवता, आणि तुम्ही तर पुस्तकात मेंढी घुसवली!"

मामा हसले. "घुसवली. त्यानं बी वाकवलं, मी बी वाकवलं. त्याच्यापाशी पैसा व्हता, त्यानं आग लावली. मी हितं कोणाला सांगून राहिलो? मेंढरवाल्यांना. दारामागं कोणीतरी लागतं, शेठ. न्हाईतर ते नुसतं लोखंड."

गेल्या साली मामा निवृत्त झाले आणि लेकाकडं नांदेडला गेले. निरोपाला मारोतीबानं घोंगडी दिली आणि शेवट मागितला. मामांनी घोंगडी घेतली. पुस्तक नव्या ड्रेसरबाईंना दिलं. बाई हट्टा गावच्या, कामाला चोख, सुईला हात हलका, पण बोलायचं म्हटलं की घाम फुटतो. त्या पुस्तक घेऊन माझ्या दुकानात आल्या. "काका, यात मेंढी नाही. मी लोकांना काय सांगू?"

मी मामांना फोन लावला. इकडचं तिकडचं झालं, गुडघ्यांची तकलीफ झाली. मग विचारलं, "मामा, बांडीचं काय करायचं?"

"तू सांग की. मोबाइल दाखवायला लई पुढं व्हतास." आणि फोन ठेवला.

तेव्हा यंदा बाई लस टोचतात आणि गोष्ट मी सांगतो. पहिला डोस निभावला, कारण तोडायचं कुठं ते ठाऊक होतं. दुसऱ्या डोसला मात्र मी शेवट ठरवूनच गेलो होतो. दार लावायचं, दोन वाक्यांत, की दुकानात जायला मोकळा. म्हाताऱ्याचा हात दांड्यावर ठेवला. आतून बांडीनं डोकं घासलं. समोर मारोतीबा उकिडवा बसला होता, कोकरू मांडीत, बिडी बोटांत. विझलेली.

बाईंनी शेवटची सिरिंज ट्रेमध्ये ठेवली आणि माझ्याकडं बघितलं.

"पुढच्या साली," मी म्हणालो, आणि हात धुवायला गेलो. मी कुठल्याही मेंढराला हात लावला नव्हता.