छत्तीसची कंबर

मास्तर माप घेताना गिऱ्हाईकाच्या तोंडाकडे बघत नसत. मान खाली, टेप गळ्यात, पेन्सिल कानावर. सीताबर्डीच्या मागच्या गल्लीतल्या त्यांच्या दुकानात मी बारा वर्षं पँटी शिवून घेतल्या, पण रस्त्यात समोरासमोर आलो तर ते मला ओळखतील याची खात्री नव्हती. कमरेवरून ओळखलं असतं.

टेप लागला की बहुतेक जण पोट आत ओढतात. मीही ओढायचो. ते तसाच टेप धरून थांबत. “श्वास सोडा जी. पँट काय दम धरूनच घालून फिरणार हाय?”

प्रत्येक गिऱ्हाईकाचं त्यांच्या वहीत एक पान असे. माझ्या पानावर कंबर ३६. बारा वर्षं ३६. हा आकडा मी घरी मिरवायचो. बायको म्हणायची, “आकडा राहू द्या, आरशात बघा.”

गेल्या वर्षी पेपरात वाचलं की कमरेच्या घेराला नितंबांच्या घेरानं भागायचं. पुरुषाचं उत्तर ०.९० च्या वर गेलं तर हृदयविकाराचा आणि मधुमेहाचा धोका वाढतो. माझे वडील चौपन्नचे असताना हार्ट अटॅकने गेले. हे वाचलं तेव्हा मी त्रेपन्नचा होतो. मागच्या पँटीच्या पावतीवर कंबर आणि नितंब दोन्ही मापं होती; लगेच भागाकार केला. ३६ भागिले ४१, म्हणजे ०.८८. बरं वाटलं, पण माप दोन वर्षांपूर्वीचं होतं, आणि जुन्या आकड्यावर मला चैन पडत नाही. संध्याकाळी दुकान गाठलं.

“कापड कुठाय?” मास्तरांनी विचारलं.

“कापड नाही. फक्त माप घ्या. तब्येतीसाठी हवंय.”

त्यांनी पहिल्यांदाच मान वर करून माझ्याकडे पाहिलं. “मंग पँटीचं माप काही कामाचं नाही.” शर्ट वर करायला लावून त्यांनी शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड बोटानं चाचपलं आणि दोन्हींच्या मधोमध टेप फिरवला. “साडेचाळीस.” मग नितंबांवरून. “एक्केचाळीस.”

०.९९. मी तोंडी हिशेब दोनदा केला.

“मग छत्तीस कुठे गेले?”

“ते खाली हायेत, पोटाच्या खाली. तुमची पँट दर खेपेले खाली सरकून राहिली होती, भाऊ. मी कमरेपासून जांघेपर्यंतची समोरची उंची कमी करत गेलो.” त्यांनी वही उघडून दाखवली. ३६ च्या शेजारच्या रकान्यात ११, साडेदहा, १०, साडेनऊ. आयुष्यभर ऑफिसात आकडे तपासणारा मी, या पानावरचा एकच रकाना वाचत आलो होतो.

“बारा वर्षं बोलला का नाहीत?”

“गिऱ्हाईकाले पोट वाढलं म्हटलं का ते दुसऱ्या दुकानात जाते. छत्तीस म्हटलं का खुश होऊन दोन पँटी टाकते.”

“मग आज का सांगितलं?”

“दुकान बंद करून राहिलो जी, या महिन्यात. लेकीकडे चाललो, पारशिवनीले. आता तुमी दुसऱ्या दुकानात गेले तरी माह्यं काय जाते?”

मी रागातच बाहेर पडलो. दुसऱ्या दिवशी रक्त तपासलं. साखर बरीच वाढलेली निघाली. डॉक्टर म्हणाले, आणखी उशीर केला असता तर कठीण होतं. गोळ्या सुरू झाल्या, अंबाझरी तलावावर रोज तासभर चालणं सुरू झालं. मास्तरांवरचा राग गेला असं मात्र म्हणवत नाही. सरकलेला प्रत्येक अर्धा इंच त्यांना माहीत होता. पण पँट खाली ओढून पट्टा बांधणारे हात माझेच होते.

गेल्या महिन्यात मी चौपन्नचा झालो. दर एक तारखेला पारशिवनीहून मास्तरांचा फोन येतो; माझा नंबर वहीतल्या पानावर आहेच. पलीकडे शिलाई मशीन चालू असतं. लेकीच्या घरीही त्यांना स्वस्थ बसवत नाही.

“किती?”

“एकोणचाळीस,” मी या वेळी म्हणालो.

मशीन थांबलं. “पुन्हा मोजा जी. मी फोन धरून हाय.”

मी फोन टेबलावर ठेवला, शर्ट वर केला, बरगडी आणि हाड चाचपलं आणि टेप पुन्हा फिरवला.

“साडेएकोणचाळीस,” मी म्हणालो.

“हं,” मास्तर म्हणाले आणि मशीन पुन्हा सुरू झालं.