आबांनी सांगितलेली वाट

‘माझं चुकलं’ असं म्हाळूआबांनी उभ्या आयुष्यात कधी म्हटलं नव्हतं. भांडगावात हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. आबांनी बैल नांगराला उलटा जुंपला असता, तरी बैलाचंच तोंड चुकीच्या बाजूला आहे म्हणून त्यालाच दोन शिव्या घातल्या असत्या.

त्या हेक्याला कारणही होतं म्हणा. चाळीस वर्षं आबा वाड्याचे कारभारी. वाडा म्हणजे घर नव्हे. मेंढरं, घोड्यांवर लादलेला संसार, बायापोरं, कुत्री, असा सगळा चालता गोतावळा. दिवाळी झाली की वरंध घाटानं कोकणात उतरायचं आणि मुक्काम कुठं, उतार कुठला, हे आबा म्हणतील तसं. एका साली घाटात असं धुकं दाटलं की हातातली काठी दिसेना. बाया रडायला लागल्या. आबांनी खाली वाकून जमीन चाचपली, मेंढरांच्या खुरांनी पडलेली पायवाट हुडकली आणि अख्खा वाडा नेऊन दुसऱ्या धनगरांच्या चुलीपाशी उभा केला. तेव्हापासून त्यांच्या शब्दापुढं कुणी गेलं नाही.

पुढं कालव्याला पाणी आलं, मेंढरं विकली, शेती धरली. मुलगा हौसराव सणसवाडीच्या कारखान्यात लागला, तिथंच खोली घेऊन राहिला. आबांचं मन लावून ऐकणारी एकच उरली, नात प्रतिभा. स्कॉलरशिप मिळवून ती स्कॉटलंडला शिकायला निघाली, तेव्हा म्हणाली, “आबा, तिथं डोंगर लई हायेत. मेंढरं पण हायेत.”

“मग कशाला भ्यायचं?” आबा म्हणाले. “वाट चुकली तर मेंढरांची पायवाट धर. ती माणसापाशीच नेती.”

पोरीला तिकडं डोंगरांचं वेडच लागलं. दर शनिवारी मैत्रिणींबरोबर नवी वाट, नवं शिखर. पत्रातून फोटो यायचे, तळी, झरे, जांभळ्या फुलांनी भरलेले उतार. आबांनी ते भिंतीवर चिकटवले होते. आल्यागेल्याला दाखवायचे आणि म्हणायचे, “माझ्याच पायाची हाय ती.”

२००४ सालच्या सप्टेंबरात, एका शनिवारी सकाळी पत्र आलं. सून शेवंताबाई ओसरीवर बसून मोठ्यानं वाचायला लागली. मागच्या खेपेला धुक्यात वाट चुकली होती. सगळ्या घाबरल्या. प्रतिभानं मेंढरांची पायवाट धरली आणि तासाभरात सगळ्यांना एका शेतघरापाशी आणलं. आता मैत्रिणी तिला कारभारीण म्हणतात. पुढं तिनं लिहिलं होतं, पंचवीस तारखेला फार मोठा डोंगर चढायचाय, दोन्ही अंगाला कडे आहेत, पण सातजणींच्या पुढं मीच असणार, काळजी नसावी.

“बघा आबा, तुमचं शिकवणं कामाला आलं,” शेवंताबाई हसली.

 आबा पत्रातून निघालेल्या नव्या फोटोकडं बघत होते. उभा कडा, कड्याच्या पोटात वीतभर गवत आणि त्या गवतावर चार मेंढरं. त्यांच्याखाली नुसतं पांढरं धुकं.

“ह्येच्यात मेंढपाळ कुठं हाय?”

“तेच लिवलंय की खाली. तिथं मेंढरांमागं कुणीच नसतं म्हणं. उन्हाळाभर मोकळी सोडत्यात डोंगरावर.”

आबांचं बोट फोटोतल्या मेंढरांवर थांबलं. आपल्याकडची मेंढरं सांजेला वाड्यावर परततात, म्हणून त्यांची वाट माणसापाशी जाते. ज्या मेंढरांना घरच नाही, ती गवतामागं जाणार. गवत कड्यावर असेल तर कड्यावर. मागच्या खेपेला पोरीचं नशीब बलवत्तर होतं, बाकी काही नाही. चाळीस वर्षं डोंगर तुडवला आणि एवढी साधी गोष्ट आपल्याला विचारावीशी वाटली नाही.

“आज तारीख किती?”

“पंचवीस,” म्हणता म्हणता शेवंताबाईचं हसू गेलं.

परदेशी फोन यवतला लागायचा. आबा वडापच्या जीपला मागं लोंबकळत गेले. बूथवाल्या चांगदेवनं आबांच्या हातातल्या चिठ्ठीवरचा नंबर लावून दिला. पलीकडं प्रतिभाच्या खोलीतली हिंदी बोलणारी मैत्रीण होती.

“वो तो छह बजे निकल गयी, दादाजी. मोबाईल वहाँ नहीं लगता.”

“उधर धुकं हय क्या? धुकं?”

“कोहरा? जी, बहुत है. सामने की सड़क भी नहीं दिखती. मैंने रोका था, पर हँसके बोली, हमारे आबाने रास्ता सिखाया है.”

आबांनी काचेला हात टेकला.

“लिखो,” ते म्हणाले. “आयी तो उसको बोलो, आबा का सुनना नहीं. आबा का चुक्या.”

“जी?”

“चुक्या. आबा का चुक्या. लिखो.”

“लिख लिया,” ती हळूच म्हणाली. आबांनी तिला बूथचा नंबर दिला आणि बाहेर आले.

“लागला का फोन?” चांगदेवनं विचारलं.

“लागला. पर पोरगी निघाली हुती. मी हितंच बसतो, तिचा फोन येईस्तवर.”

ते बाकावर बसले. चांगदेवनं त्यानंतर एकाही गिऱ्हाइकाला फोनला हात लावू दिला नाही.