कुकरमधून फिरणारं पाणी

आमच्या सोलापूरच्या घरात पाच फूट लांबीची माशांची टाकी होती, हे सांगितलं तर अजून कुणाला खरं वाटत नाही. घर दोन खोल्यांचं. वडील कापडगिरणीत फिटर. नवी पेठेतल्या एका कापडदुकानाची दर्शनी काच कोपऱ्यात तडकली, मालकानं ती बदलली आणि जुनी काच वडिलांना देऊन टाकली. वडिलांनी तडकलेला भाग कापून काढला, लोखंडी अँगलची चौकट केली, पुट्टी भरून काचा बसवल्या आणि बाहेरच्या खोलीची एक अख्खी भिंत अडवून टाकी मांडली.

टाकी आईसाठी होती. वडील तसं कधी म्हणाले नाहीत, पण आईला आणि मला, दोघींनाही ते ठाऊक होतं.

आई रत्नागिरीकडची, खाडीकाठच्या गावातली. तिचे वडील मुंबईच्या गिरणीत होते, तिथल्या ओळखीतून हे स्थळ आलं. सोलापूरबद्दल तिनं कधी कुरकुर केली नाही. फक्त संध्याकाळी आम्ही तळ्यावर फिरायला गेलो की तिचा पाय तिथून निघायचा नाही. वडील म्हणायचे, "चला की आता." ती "हो, हो" म्हणायची आणि काठावर तशीच उभी राहायची. आई-वडील गेल्यावर तिचं माहेरचं घर बंद पडलं होतं, भाऊ मुंबईत. जायचं तरी कुणाकडे, म्हणून सहा वर्षांत ती तिकडे फिरकली नव्हती.

टाकी भरली तेव्हा पाण्याची चणचण नव्हती. मग बहात्तरचा दुष्काळ आला. नळ एक दिवसाआड झाला, मग त्याचाही भरवसा उरला नाही. टाकीतलं पाणी बदलायचं तर बादल्या कुठून आणायच्या? पाणी आधी पिवळट झालं, मग धुरकट. दोन एंजल मासे मेले. शेजारी अक्कलकोटकडच्या आक्का राहायच्या, घरात कानडी बोलायच्या. त्या दारातून डोकावून म्हणाल्या, "हितं माणसाला प्यायला पाणी न्हाय, आन तुमचे मासे डुंबतेत की!" बोलल्या चेष्टेनंच, पण आई शरमली. वडील कामावरून आले तसं ती म्हणाली, "अहो, मासे कुणाला तरी देऊन टाका. हे पाणी आक्कांच्या झाडांना घालू."

वडिलांनी वाकून टाकीत बघितलं. "पाणी बदलायचंच न्हाय," ते म्हणाले. "हाय तेच साफ करायचं. चांगला फिल्टर बघतो."

रविवारी ते मला घेऊन शोभेच्या माशांच्या दुकानात गेले. दुकानदार म्हातारे चाचा. त्यांनी दोन वस्तू पुढं ठेवल्या. एक प्लास्टिकचा छोटा डबा, टाकीच्या कोपऱ्यात ठेवायचा. आत पाणी गाळायला काचेची लोकर आणि कोळसा. दुसरी, वाळूखाली अंथरायची भोकाभोकांची पट्टी. दोन्ही हवेच्या पंपावर चालायच्या. वडिलांनी टाकीचं माप सांगितलं तसे चाचा हसायला लागले.

"इत्ती बडी टांकी? ये डब्बा तो उसमें गुम हो जाता, साब."

"आणि पट्टी?"

"वो चलती. मगर कबी ना कबी पूरी रेती निकाल के धोना पडता. उत्ता पानी है तुमारे कने?"

तेवढं पाणी नव्हतं. चाचांनीच मग स्टेशनकडच्या एका डॉक्टरांचं घर सांगितलं. त्यांच्याकडे म्हणे परदेशी फिल्टर होता, टाकीच्या बाहेर राहणारा.

वडिलांनी इस्त्रीचा शर्ट घातला आणि आम्ही सायकलवरून डॉक्टरांकडे गेलो. डॉक्टर हौशी होते. त्यांनी टाकीखालच्या कपाटाचं दार उघडलं. आत डालड्याच्या डब्याएवढा एक बंद डबा होता आणि त्याला दोन नळ्या. एका नळीनं घाण पाणी खाली यायचं, डब्यातल्या थरांतून गाळून निघायचं आणि दुसरीतून वर जायचं. "टाकीतलं पाणी तेच राहतं," डॉक्टर म्हणाले. "धुवायचा तो फक्त हा डबा. आणि आवाज बघा, काही नाही." वडील उकिडवे बसून डब्याला कान लावून ऐकत होते.

"दिवाळीला माझा मेहुणा जर्मनीहून येतोय. तुमच्यासाठी एक मागवू?"

"नको साहेब," वडील म्हणाले. "उघडून तेवढा दाखवाल का?"

डॉक्टर हसले, पण त्यांनी खरंच उघडून दाखवला.

 परतताना वडील सायकल चालवता चालवताच म्हणाले, "दिवाळीपर्यंत मासे काय राहत न्हाईत. तुझी आई काय, थांबंल. ती कशाचीबी वाट बघत बसंल. मलाच बघवत न्हाय."

घरी आल्यावर ते घट्ट झाकणाचा डबा शोधायला लागले. स्वयंपाकघरातले सगळे डबे उलटेपालटे झाले, एकाचंही झाकण पाणी धरेना. तेव्हा आईनं माळ्यावरून तिचा जुना प्रेशर कुकर काढला. बूड फुगल्यामुळं तो बाद झाला होता, तरी तिनं फडक्यात गुंडाळून ठेवला होता, कारण तो तिच्या भावानं मुंबईहून पाठवलेला.

"हा चालेल?"

"भावाचा हाय. राहू दे."

"भात होत नाही त्यात. ठेवून काय करू?"

वडिलांनी कुकरच्या बाजूला, बुडाजवळ भोक पाडून पितळी तोटी बसवली, शिट्टीच्या जागी दुसरी. आत धुतलेली वाळू, कोळसा आणि वर नायलॉनच्या सुताचा गुंता भरला. गिरणीच्या ऑफिसातल्या कूलरचा मोडीत निघालेला पंप साहेबांना विचारून आणला. पहिल्या रविवारी झाकणातून पाणी गळून खोलीभर झालं. आईनं फडक्यानं ते टिपून टिपून बादलीत पिळलं, एक थेंब वाया जाऊ दिला नाही. दुसऱ्या रविवारी पंप तापला. तिसऱ्या रविवारी पाणी फिरायला लागलं.

चार दिवसांनी टाकीच्या मागची भिंत दिसायला लागली. भिंतीचे पोपडे, खिळा, सगळं. वडिलांनी पंपाच्या मोटारीखाली गोणपाटाची घडी घातली होती. पाणी परत टाकीत सोडणारी नळी पाण्यात बुडवलेली, तिचाही आवाज नव्हता. "बघ," ते आईला म्हणाले, "डॉक्टरांच्यावानी. काय ऐकू येतंय का?"

आई म्हणाली, "नाही. छान झालंय." आणि आत पोळ्या लाटायला गेली.

वडिलांचा चेहरा पडला. ते माझ्याकडं बघायला लागले.  थोड्या वेळानं आतून आईचाच आवाज आला.

"अहो, ती परत पाणी सोडणारी नळी जरा वर घेता येईल का? पाण्याच्या वर. पडताना ऐकू येईल अशी."

"मग दिवसभर आवाज हुईल की."

"व्हायला हवाय."

वडिलांनी नळी चार बोटं वर बांधली. पाणी पाण्यात पडायला लागलं. आई पिठाच्या हातांनी दारात येऊन उभी राहिली. वडील तिच्याकडं बघत होते आणि ती टाकीकडं.

मे महिन्यात दुपारी सगळं घर तापायचं. आई टाकीशेजारी फरशीवर आडवी व्हायची, तोंडावर पदर घेऊन. मी तेव्हा तेरा वर्षांची, खिडकीशी वाचत बसलेले. एकदा पदराखालून ती म्हणाली, "होडी लागली का गं?"

"कुठली होडी?" मी विचारलं.

ती झोपेतच होती. जरा वेळानं उठून बसली, खोलीभर नजर फिरवली, मला बघितलं. मग "चहा टाकते" म्हणून उठली.

वडील घरी आल्यावर मी त्यांना हे सांगितलं. त्यांनी दुसऱ्या दिवशी रजेचा अर्ज दिला. मला आक्कांकडे ठेवून, मासे माझ्या हवाली करून, ते आईला घेऊन तिच्या गावी गेले. माहेरच्या घराचं कुलूप गंजलं होतं, ते तोडावं लागलं म्हणे. दोघं आठ दिवस तिथं राहिले. आई काळवंडून आली, पायांना ओरखडे, आणि आल्या आल्या आक्कांशी इतकी बोलली की मी बघतच राहिले.

आता दोघंही नाहीत. त्या आठ दिवसांत ती होडीत बसली का, वडील तिच्याबरोबर बसले का, त्यांना तर पोहताही येत नव्हतं, यातलं काहीच मी कधी विचारलं नाही. ते परत आले तेव्हा मला फक्त हे सांगायचं होतं की एकही मासा मेला नाही.