वजा त्रेसष्ट मीटर

माझी मुलगी समता नकाशे करते. नेदरलँड्समधल्या अ‍ॅमस्टेलव्हीनमध्ये आम्ही दोघीच राहतो. गेले दोन उन्हाळे ती कॅनडाच्या उत्तरेला, हडसन उपसागराकाठच्या दलदलीत मोजणी करत होती. रस्ता नाही, माणूस नाही, गुडघाभर शेवाळ, तोंडावर डासांची जाळी. आठवड्यातून एकदा सॅटेलाइट फोन यायचा. "जिवंत आहे गं." उरलेले सहा दिवस मी कसे काढले, माझं मला ठाऊक.

नकाशा तयार झाला तेव्हा मोजणी करणारा म्हणून नाव होतं निहारचं. निहार तिचा प्रोजेक्ट लीडर. ऑफिसातून हललेला नाही.

"टीममध्ये आहेसच की तू," तो तिला म्हणाला. "काय एवढं धरून बसलीस?"

मग तिने त्याचा मसुदा पाहिला. जीपीएसची उंची समुद्रसपाटीवर आणायला नेदरलँड्समध्ये सुमारे त्रेचाळीस मीटर वजा करतात. तिकडे हडसनकाठी उलट, मिळवावे लागतात. निहारने सवयीने वजा केले होते. तळी समुद्राच्या साठ मीटर खाली गेली! पण ऑफिस नीउ-व्हेनेपला. तिथली घरंच समुद्राच्या चार मीटर खाली. वजा आकड्याचं कुणाला काही वाटलं नाही.

"सांगणारेस त्याला?" मी विचारलं.

"मोजणी त्याने केलीय ना?"

"तुझी नोकरी जाईल गं."

"मग काय करू? सांगू?"

छापण्याआधी तिकडचे लोक नकाशा तपासणार होते, म्हणजे कुणाच्या जिवाला धोका नव्हता. एवढं विचारून घेतलं आणि म्हटलं, "नको सांगूस."

ऑनलाइन बैठकीत तिकडच्या गावातली एक म्हातारी स्क्रीनकडे वाकून बघू लागली. "हे माझं तळं? वजा त्रेसष्ट? मग मी मासे कुठे बसून धरते, समुद्राच्या तळाशी?"

सगळे हसले. निहार हळूच मराठीत म्हणाला, "समता, प्लीज, सांभाळून घे ना."

समता सगळ्यांना कळेल अशा इंग्रजीत म्हणाली, "मोजणी कुणी केली ते आधी लिही. मग सांगते."

त्याने सगळ्यांदेखत तिचं नाव टाइप केलं. दुरुस्तीला तिला दहा मिनिटं लागली. नकाशाच्या कोपऱ्यात दुरुस्त्यांची नोंद ठेवतात. तिथे तिने लिहिलं: पहिल्या मसुद्यातल्या उंची चुकीच्या, हिशेब निहार यांचा.

काल निहारच्या आईचा, चित्राताईंचा फोन आला. "फार लागलंय हो त्याला. दोन दिवस जेवला नाही."

"तिकडे पाठवा दोन महिने," मी म्हटलं. "भूक चांगली लागते."