सुनीताची चढाई आणि माझा पहिला मिररलेस

माझ्या फोनमध्ये बायकोचे कबड्डी खेळतानाचे शेकडो फोटो आहेत आणि एकाही फोटोत ती ओळखू येत नाही. कुठे नुसता निळा टी-शर्ट फरफटत गेलेला, कुठे चेहऱ्याच्या जागी धूर. सुनीता अकोटच्या एका शाळेत खेळ शिकवते, मी गावातच मेडिकल चालवतो. मध्यंतरी तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा घरादारानं आता पुरे म्हणून सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि चालायला लागल्याबरोबर पहाटे पुन्हा मैदान गाठलं. यंदा अमरावतीच्या महिलांच्या खुल्या स्पर्धेत तिची संघात निवड झाली, तेव्हा मी ठरवलं की या वेळी फोटो धड यायलाच पाहिजेत. मिररलेस, म्हणजे आत आरसा नसलेला कॅमेरा घ्यायचा.

ती संघासोबत पुढे गेली. मी दुकान भावाकडे सोपवून अकोल्याची एसटी धरली. दोन्ही बाजूंना कपाशी फुटलेली, खिडकीतून ऊन थेट मांडीवर. अकोल्याला उतरून स्टँडसमोर आलूबोंडा खाल्ला. तिखट आहे, सोबत पाणी ठेवा.

कॅमेऱ्याच्या दुकानाचे मालक सलीमभाई. त्यांनी सुरुवातीलाच काउंटरवर फुलफ्रेमचं, म्हणजे मोठ्या सेन्सरचं धूड ठेवलं. "भाऊ, एकदाच घ्या, बडा घ्या," ते म्हणाले. कित्येक आठवडे व्हिडिओ पाहून माझ्या डोक्याचा भुगा झाला होता, पण एक गोष्ट पक्की कळली होती. मला डोंगर, सूर्यास्त काढायचे नव्हते. अंधाऱ्या हॉलमध्ये पळणारी एक बाई काढायची होती. मी सलीमभाईंना तसं सांगितलं आणि विचारलं, मागच्या गोडाऊनमध्ये एकच दिवा चालू ठेवून माझ्याकडे झपझप चालत याल का?

ते हसले, पण आले. दोनदा आले. मोठ्या कॅमेऱ्यासोबतची झूम लेन्स कमी उजेडात पुरी पडली नाही. शटर वेगात ठेवलं तर फोटो काळा, हळू ठेवलं तर सलीमभाई पुसट. मग मी लहान सेन्सरचा, हातात बसणारा कॅमेरा घेतला आणि त्याला १.८ अॅपर्चरची पन्नासची लेन्स लावायला सांगितली. अॅपर्चरचा आकडा जितका लहान, तितका उजेड आत जास्त. सलीमभाई चालत आले तसा त्यांच्या डोळ्यावरचा फोकसचा चौकोन सोबत सरकत आला, डोळ्यावरून ढळला नाही. फोटोत थोडे दाणे होते, पण दाढीचा केस न् केस दिसत होता. त्यांनी स्वतःच तो पडद्यावर मोठा करून पाहिला आणि मोठा कॅमेरा परत खोक्यात ठेवला.

नव्यानं घेणाऱ्यांना माझं एवढंच सांगणं आहे: आधी काय काढायचं ते ठरवा आणि बॉडीपेक्षा लेन्सवर खर्च करा. माझी बॉडी, लेन्स आणि जास्तीची बॅटरी मिळूनही त्या धुडापेक्षा स्वस्तात पडलं.

अमरावतीच्या बसमध्ये मूर्तिजापूरपर्यंत बटणं शिकलो. पुढे रस्ता मोकळा, चौपदरी. अमरावतीला पोचून आधी दही-चटणीतला गिला वडा खाल्ला, तो चुकवू नका, आणि स्टँडजवळच्या लॉजवर बॅग टाकून हॉल गाठला.

पहिल्याच सामन्यात माझी फजिती झाली. खेळाडूंना त्रास नको म्हणून मी आवाज न करणारं शटर लावलं होतं, आणि प्रत्येक फोटोवर आडवे काळे पट्टे. सुनीता चढाईवर चढाई करत होती, गुण आणत होती, आणि मी कोपऱ्यात बसून मेनू धुंडाळत होतो. हॉलचे एलईडी दिवे डोळ्यांना दिसणार नाही इतक्या वेगानं लुकलुकतात आणि बिनआवाजी शटर नेमकं तेच पकडतं, हे तेव्हा उमगलं. मेकॅनिकल शटर लावलं. खाड खाड आवाज व्हायला लागला, पट्टे गेले. त्या गलक्यात माझा आवाज कोणाला ऐकू जाणार होता?

सुनीताचा संघ उपांत्य फेरीत गेला. तिथं शेवटच्या चढाईला ते दोन गुणांनी मागे होते आणि चढाई सुनीताची होती. मी मध्यरेषेच्या सरळ रेषेत जमिनीवर बसलो. ती आत शिरली, कोपऱ्यातल्या मुलीला शिवली आणि वळली, तर एकीनं पाय धरला, दुसरीनं कंबर, आणि शिवलेली तिसरी पाठीवर येऊन पडली. सुनीता पोटावर सरपटत रेषेकडे आली. मी शटरच्या बटणावरचं बोट उचललंच नाही. शिट्टी वाजली, पंचांनी तिला बाद दिलं. रेषेला हात लागला असता तर तिघींचे तीन गुण मिळून सामना तिचा होता.

बाहेर पायऱ्यांवर ती गुडघा चोळत बसली होती. हात लागला होता, असं मैत्रिणी म्हणत होत्या. मी कॅमेरा पुढे केला. तिनं फोटो मोठा केला, बोटापाशी आणला. बोट आणि रेषा यांच्यात पेरभर अंतर होतं.

"पंचाचं बरोबर हाय," ती म्हणाली. "नाही लागला."

मी म्हटलं, हा काढून टाकतो, जिंकलेल्या सामन्याचे आहेत ना.

"काहून? ठेवा."

दुसऱ्या दिवशी परतवाडा-अंजनगाव मार्गे परतलो. बायकांच्या सवलतीत तिचं अर्धं तिकीट, माझं पूर्ण. वाटेत ती खिडकीशी झोपली आणि मी मांडीवरच्या पिशवीवर हात ठेवून बसलो. असं मिरवावंसं मला आमच्या लग्नातही वाटलं नव्हतं.

फोटो मोठा करून समोरच्या खोलीत लावला आहे. तिच्या कपाळावरची शीर, दातात धरलेला ओठ, ताणलेलं बोट, सगळं लख्ख. परवा माझे काका आले. चहा पिता पिता त्यांनी फोटो पाहिला आणि हरल्याचा फोटो कोणी भिंतीवर लावते काय, म्हणून विचारलं. सुनीता बुटाची नाडी बांधत होती, मैदानावर निघाली होती.

"काकाजी, मोजून पाहा," ती म्हणाली. "मले धरायले तिघी लागल्या."