मिसेस परेरांचं 'पुट'

कणकवलीच्या एसटी स्टँडवर बाबांनी माझी ट्रंक गाडीच्या टपावर चढवली. ती नीट बांधली आहे की नाही हे बघायला पुन्हा स्वतः शिडी चढले आणि कंडक्टरची बोलणी खाऊन खाली उतरले. आई घराच्या वळणापर्यंतच आली होती. गोठ्यात गाय व्यायला झाली होती, तिला एकटी टाकून कशी येणार. निघताना ती एवढंच म्हणाली, "तोंड उघडून बोल गो. थंय गप रवलेल्याक कोण इचारणा नाय." मला हसू आलं. बारावी पास झालेली मी गावात तोंडाळ म्हणून प्रसिद्ध होते. मुंबईत बोलायची अडचण येईल असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं.

ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीची गोष्ट. घाटकोपरला आत्याकडे उतरले. तिच्या दोन खोल्यांत आधीच सहा माणसं होती, मी सातवी. आत्याचे यजमान अंधेरीला औषधांच्या एका कंपनीत स्टोअरला होते. तिथल्या टेलिफोन ऑपरेटर मिसेस परेरा मार्चमध्ये रिटायर व्हायच्या होत्या आणि त्यांच्या हाताखाली एक मुलगी हवी होती. काकांनी शब्द टाकला, मी लागले. पण टेम्पररी. मार्चमध्ये परेराबाईंची खुर्ची मला मिळाली तर मी कायम, नाहीतर गावाला परत. नोकरी नसताना आत्याकडे पाय पसरून राहायची सोय नव्हती.

बोर्ड म्हणजे कपाटाएवढं लाकडी धूड. कुणाचा फोन आला की एक छोटं झाकण टपकन खाली पडायचं. मग दोरी उचलून तिचं टोक त्या भोकात खुपसायचं, बोलायचं, दुसरं टोक हव्या त्या साहेबांच्या भोकात. हात माझे पहिल्याच दिवशी बसले. तोंडाची मात्र वाट लागली. 'गुड मॉर्निंग' आणि 'वन मोमेंट प्लीज' एवढ्या भांडवलावर मी बसले होते. तिसऱ्या दिवशी दिल्ली ऑफिसचा माणूस म्हणाला, "पुट मी थ्रू टू अकाउंट्स." 'पुट' म्हणजे ठेवणे, हे मला शाळेत शिकवलं होतं. त्याला काय कुठे ठेवायचंय ते कळेना. मी "येस सर, थँक यू" म्हटलं आणि फोन ठेवून दिला. त्याने पुन्हा केला, मी पुन्हा तेच केलं. तिसऱ्यांदा फोन आला तो बोर्ड टाळून थेट पर्सोनेलच्या साहेबांच्या खाजगी लाइनवर.

मिसेस परेरा मढच्या. रोज होडीने वर्सोव्याला येत, तिथून बसने अंधेरी. घरी त्या मराठीच बोलत, हे मला आठवडाभराने समजलं. तोवर फ्रॉक आणि इंग्रजी बघून मी त्यांना घाबरून होते. त्या दिवशी डबा खाताना म्हणाल्या, "बोर्डाला सगळी इंग्लिश नाय लागत गं. एक शब्द घे. तो पुरा पिळून काढ. मग दुसरा."

आणि आमचा पहिला शब्द 'पुट' ठरला. त्यांची शिकवायची पद्धत अशी की वहीत काही लिहायचं नाही, हात चालला पाहिजे. फोन जोडून दे, पुट थ्रू. डबा खाली ठेव, पुट डाऊन. निरोप चिठ्ठीवर उतरवून घे, तेही पुट डाऊन. डबा जागच्या जागी, पुट बॅक. दिवा घालव, पुट आऊट. साहेबांना मीटिंग पुढे ढकलायचीय, पुट ऑफ. पाव्हणा कुठे उतरलाय, पुटिंग अप. मी वैतागले. म्हटलं, एकाच शब्दाला पाच-पाच शेपट्या, आणि शेपटी बदलली की जनावरच बदलतं, हे कुणाच्या लक्षात राहणार? बाई शांतपणे माशाचा काटा काढत म्हणाल्या, "आपण दिवा लावतो ना? दार पण लावतो. एक चालू, एक बंद. कुंकू लावतो, झाड लावतो, फोन पण लावतो. तुला कधी घोळ झाला?"

या उत्तराने माझी भीती गेली. साकीनाक्याच्या धुरात खोळंबलेल्या बसमध्ये मी तोंडातल्या तोंडात 'पुट'ची उजळणी करत असे. शेजारचे लोक सरकून बसत, आपली सोय व्हायची. एके दिवशी 'पुट अप विथ' आलं. म्हणजे काय, तर सोसणे. नको असलेलं माणूस निमूट चालवून घेणे. उदाहरण बाईंच्या घरचंच होतं. "माझी सासू. एकोणीस वर्षं आय पुट अप विथ हर." मी इतकी हसले की दोन झाकणं पडली ती मला दिसलीच नाहीत.

त्यानंतर दोनच दिवसांनी पर्सोनेलच्या साहेबांनी दिल्लीला ट्रंक कॉल मागितला. लाइन खराब होती. आवाज पोचतोय का हे बघायला मी मधली कळ दाबली. तेवढं करायला परवानगी होती, आवाज आला की लगेच सोडायची. साहेब म्हणत होते, ती गावाकडची मुलगी ना, मिसेस परेरा जाईपर्यंत वी आर पुटिंग अप विथ हर. नंतर बांद्र्याची कॉन्व्हेंटमधली एक मुलगी बघितली आहे. मी कळ सोडली. महिन्यापूर्वी हेच वाक्य माझ्या कानावरून गेलं असतं आणि मी "थँक यू" म्हटलं असतं. मेहनतीने शिकलेली पहिली गोष्ट मला कळली ती ही, की हे लोक मला सोसतायत.

तुमच्यापैकी जे गावाबाहेर पडलात त्यांना हे सांगायला नको. नव्या जागेची भाषा यायला लागली की आधी तिथली हिणवणी कळतात, गोड बोलणं बऱ्याच उशिरा. जे मागे राहिलात त्यांना मात्र मी त्या आठवड्यात लिहिलं होतं की माझं इथे झकास चाललंय. ते खोटं होतं. आत्याच्या मोरीत नळ सोडून मी रडत होते.

मी दोन दिवस तोंड पाडून बसले तेव्हा परेराबाईंनी कारण विचारलं. मी सांगितलं. आधी त्या भडकल्या. "ऐकत बसलीस? ऑपरेटरने ऐकायचं नाय. हा एकच धर्म आहे बोर्डाचा." मग बराच वेळ दोऱ्या लावत राहिल्या. फोन थांबले तेव्हा म्हणाल्या, "त्याला सोसायचंय तर सोसू दे. माझी सासूपण मलाच सोसत होती, मला काय ठाऊक नव्हतं? शेवटी आजारी पडली तर माझ्याशिवाय कुणाच्या हातचं पाणी घेईना." त्यातून मी काय समजायचं ते त्यांनी सांगितलं नाही.

त्याच आठवड्यात कणकवलीहून ट्रंक कॉल आला. फोन मीच घेतला. पलीकडून बाबांचा आवाज, जन्मात पहिल्यांदा फोनवर, पोस्टातून सगळ्या बाजाराला ऐकू जाईल असा. आधी वाटलं घरात कुणाचं काही झालं. बोर्डावर घरचं बोलायची मनाई होती. बाईंनी माझ्या हातातली दोरी काढून घेतली. "व्हिजिटर रूममध्ये जा. तिथे लावते. मी ऐकणार नाय."

बाबा म्हणाले, "गावच्या शाळेत शिवणाच्या बाईंची जागा सुटली हा. हेडमास्तर तुझ्यासाठी थांबलेत. उद्यापर्यंत सांगूचा आसा. ये गो परत. थंय कशाक हाल काढतंस?" माझे हाल त्यांना कुठून कळले हे मी विचारलं नाही. माझ्या झकास पत्रातून बाबांना बरोबर कळलं असणार. आणि खरं सांगते, जावंसं वाटलं. आपल्याला ज्या भाषेत कुणी हिणवलं तर उलट बोलता येतं, तिथे जावंसं वाटलं. तोंड उघडलं तेव्हा मात्र भलतंच बाहेर आलं. "मी येवचंय नाय, बाबा. हयंच रवतलंय."

तीन मिनिटांचा कॉल होता, निम्मा उरला होता. मला नुसती खरखर ऐकू येत होती आणि मधूनच पोस्टातला शिक्का मारल्याचा आवाज. दोघांनीही फोन ठेवला नाही. शेवटी एक्स्चेंजनेच लाइन तोडली.

मार्चमध्ये बांद्र्याची मुलगी खरंच आली. छान बोलायची. चार दिवस बसली आणि बांद्रा-अंधेरी एवढीशी रखडपट्टीही रोज जमणार नाही म्हणून गेली. साहेबांनी मला कायम केलं ते माझ्या इंग्रजीवर खूश होऊन नव्हे, तर बोर्ड रिकामा ठेवता येत नाही म्हणून. त्याचं मला तेव्हाही वाईट वाटलं नाही. त्या खुर्चीत मी पुढे तीस वर्षं बसले, बोर्ड दोनदा बदलला, लग्न झालं, मुलुंडला दोन खोल्या झाल्या. कितीतरी नव्या मुलींना मी एकेक शब्द पिळून काढायला शिकवलं.

पण त्या तीन मिनिटांचा हिशेब मला कायम झाल्यावर नाही, गणपतीत कळला. नोकरी लागल्यावरची पहिली चतुर्थी. मी घरात पाऊल टाकलं, आईने पायावर पाणी घातलं, तोंडावरून हात फिरवला आणि विचारलं, "किती दिवस रवतलंस?" त्या घरात हा प्रश्न मी मावश्यांना, काकूंना, मुंबईच्या आतेभावंडांना विचारलेला ऐकला होता. मला कधीच कुणी विचारला नव्हता. मी म्हटलं, पाच. बाबा ओटीवर मखराचे कागद कापत होते, त्यांनी मान वर केली नाही.

मुलुंडच्या घरात मला हे कुणी विचारत नाही. तेव्हा माझं घर तेच, यात वाद नाही. आई-बाबा गेले. आता घर भावाचं, गणपतीला दारात वहिनी पाणी घालते आणि अगदी मायेने विचारते, किती दिवस आहात, वन्सं? मी दरवर्षी ठरल्यापेक्षा एक दिवस वाढवून सांगते. आणि दरवर्षी ठरल्या दिवशीच निघते.