मागून आणलेलं दुपटं

लोक मला सुपरवायझरसाहेब म्हणतात. म्हणोत बापडे. मी रुद्रप्पा, सोलापुरातल्या एका चादरीच्या कारखान्यात कामाला आहे. ही सुपरवायझरची खुर्ची मला कशी मिळाली, ते मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलासुद्धा नाही. सांगायला तोंड पाहिजे ना!

गोष्ट खरी केराबाईची आहे. पण तिच्या अन्नात माती कालवली ती मी, म्हणून मला मध्ये यावं लागतं.

त्र्याहत्तर साली मी जॉबर होतो, म्हणजे मागांवर देखरेख करणारा. केराबाई कारखान्याच्या मागच्या दारी लिंबाखाली बसायची. पन्नाशीची काटकुळी बाई, कपाळाला रुपयाएवढं कुंकू, आणि आवाज असा की मागांच्या खडखडाटातही माझ्यापर्यंत पोचायचा. मागावर कांडी बदलली की थोडं सूत उरतं, धागा तुटला की गुंता होतो, चादर कापली की काठाच्या चिंध्या पडतात. हे सगळं झाडून मागच्या दारी टाकायचं, आणि तिथून पुढं ते केराबाईचं. तिच्या सासूपासून तसंच चालत आलेलं. कागद नाही न् पत्र नाही. बदल्यात ती मागचं आवार झाडून लख्ख ठेवायची.

त्या ढिगातून ती काय काय काढायची! लांब धागे सोडवायची, न दिसणारी गाठ मारून त्यांच्या गुंड्या करायची. त्या दोरवाल्याकडं जायच्या. आखूड पांढरं सूत चांदसाब पिंजाऱ्याकडं, गाद्यांत भरायला. तेलकट गुंता यंत्रं पुसायला, पार कुर्डुवाडीच्या रेल्वे कारखान्यापर्यंत. आणि उरल्या रंगीत चिंध्या. त्या ती घरी न्यायची आणि दुपटी शिवायची. मागावरच्या कुणाच्याही घरी बाळ झालं की बारशाआधी केराबाईचं दुपटं हजर. चिमूटभर कचरा म्हणून उरायचा नाही.

पुढं चादर चकचकीत दिसावी म्हणून मालकांनी काठाला कृत्रिम धागा घालायला सुरुवात केली. केराबाई तो नुसत्या बोटांनी ओळखून बाजूला काढायची. मी एकदा विचारलं, "कसं गं कळतं तुला?"

तिनं काडी ओढून दोन धागे जाळून दाखवले. "ह्ये बगा जॉबरसाब, सुताची राख हुती. ह्यो भाड्या आक्रसून मणी हुतोय. ह्यो तेल पीत न्हाय, घाम पीत न्हाय. सुतात मिसळला तर समदंच वाया."

मी मान हलवली. असं वर्षभर रोज चहाच्या सुटीत तिच्यापाशी बसून मी सगळं शिकलो. ती सांगायची, मी ऐकायचो. तिला वाटायचं, जॉबरसाब लई गुणाचा माणूस.

पुढच्या वर्षी सूत महाग झालं. मालकांनी मला नव्या पेठेतल्या दुकानी बोलावलं आणि विचारलं, खर्च कुठं वाचेल? मी काय सांगावं? उचलली जीभ लावली टाळ्याला! म्हटलं, "मालक, आपलं सोनं मागच्या दारानं जातंय." आणि चार ढीग, तीन गिऱ्हाइकं, सगळं घडाघडा सांगितलं. मालकांनी माझ्या पाठीवर थाप मारली. "रुद्रप्पा, डोकं आहे रे तुला!"

ते डोकं केराबाईचं आहे, एवढं एक वाक्य म्हणायचं होतं. नाही म्हटलं. शेण खाल्लं मी.

पंधरा दिवसांत सगळा गुंता एका मक्तेदाराला दिला गेला आणि मी सुपरवायझर झालो. टेबल, खुर्ची, वर गरगरणारा पंखा. पहिलं काम काय, तर केराबाईला उठवायचं.

ती ऐकून आधी हसलीच. तिला चेष्टा वाटली. मग म्हणाली, "म्यां कुनाचं वाईट केलं हो? मालकाला ह्ये सुचवलं तरी कुनी?"

"मला काय ठाऊक? वरचा हुकूम आहे."

"तुमी चार शबुद टाकून बगा की. तुमचं ऐकत्यात ते."

मक्तेदार शेजारीच उभा होता. मी त्याला ढीग दाखवायला लागलो. ती म्हणाली, "बरं. निदान ह्यांस्नी सांगा, त्यो मणी हुनारा धागा येगळा काडा. न्हायतर..."

"तू मला शिकवू नकोस! ऊठ इथनं!" मी ओरडलो. का ओरडलो? चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय! तिनं तिचं पोतं झटकलं, खांद्यावर टाकलं आणि गेली.

मक्तेदार निवडायला बसणारा नव्हता. वरवरचं पांढरं सूत गाडीत भरायचा आणि बाकीचं मागच्या नाल्यात ढकलायचा. आमच्या कारखान्यातून पहिल्यांदाच कचरा बाहेर पडला. पावसाळ्यात नाला तुंबला आणि कामगारांच्या चाळीत घाण पाणी शिरलं. त्यात मक्तेदाराचा पांढरा मालही परत आला, कारण त्यात कृत्रिम धागा निघाला. मालक माझ्यावर खेकसले. यावर औषध काय ते मला पक्कं ठाऊक होतं. पण केराबाईला बोलवायचं म्हणजे आपलं बिंग फुटायचं.

त्याच श्रावणात माझी लेक गंगम्मा बाळंत झाली. मुलगा झाला. तिची आधीची दोन्ही बाळं महिन्याच्या आत गेलेली. आमच्याकडं रीत अशी की लेकरं जगत नसली तर नव्या बाळाला घरचं कापड लावायचं नाही. जिची सगळी लेकरं जगली आहेत, अशा बाईकडून जुनं कापड मागून आणायचं.

बायको, सुंदरम्मा, म्हणाली, "केराबाईची सहाच्या सहा जगली. तुम्हीच जावा. आजोबानं हात पसरला की बाळाला आयुष्य लागतं."

"दुसरी कुणी बघ की."

"का? ती तर तुम्हाला देव मानते."

गेलो. केराबाई उंबऱ्यात बसून विड्या वळत होती. मला पाहिलं आणि तिचा चेहरा उजळला. हातातलं सूप खाली ठेवलं, पानाचा चुरा झटकला, खुंटीवरचं तेच पोतं काढून खांद्यावर टाकलं.

"मला ठावं हुतं, तुमी बोलवाया येनार. चला!"

ताकाला जाऊन भांडं लपवायची सोय नव्हती. "तसं नाही, केराबाई," मी म्हणालो, आणि बाळाचं सांगितलं.

पोतं हळूच खांद्यावरून उतरलं. ती काही लागट बोलली असती तर बरं झालं असतं. ती म्हणाली, "माज्या आदीची चार गेली, म्हून मला केरात लोळवलं न् नाव केरा ठिवलं. मी जगले न्हवं? तुमचाबी जगंल." मग घरात इकडंतिकडं पाहिलं. "पन दुपटं कुटलं दिऊ? चिंधी कुटं हाय आता?"

आत तिचा नातू दुपट्यावर झोपला होता. घरात उरलेलं तेवढं एकच. तिनं पोराला अलगद उचलून चटईवर ठेवलं, दुपट्याची घडी घातली आणि माझ्या पसरलेल्या हातांवर ठेवली. ते अजून गरम होतं.

वाटेत मी रडलो. रस्त्यानं, लोकांसमोर.

दुसऱ्या दिवशी खरं सांगायचं ठरवूनच मालकांपुढं उभा राहिलो. म्हणालो, "गुंता दारातच निवडायला हवा. केराबाईला जमतं ते. तिला ठेवा."

"वा! पुन्हा तुझंच डोकं!" मालक खूष झाले. वाक्य पुन्हा ओठांवर आलं, आणि मी पुन्हा गिळलं.

केराबाई परत आली. पण रोजंदारीवर, मक्तेदाराच्या हाताखाली. गुंता, चिंध्या, सगळं आता त्याचं. संध्याकाळी गेटावर तिच्या पोत्याची झडती होते. पहिल्या आठवड्याला ती माझ्यासाठी पेढे घेऊन आली. "तुमी माजं नाव काडलंसा म्हून." आणि वाकून माझ्या पाया पडली. माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठी बाई! माझे पाय मागं सरले नाहीत.

आज एकोणऐंशी साल. नातू चार वर्षांचा आहे, खणखणीत आहे. परवा येडू नावाचा मागवाला केराबाईकडं गेला. त्याचीही पहिली दोन गेलेली, त्याला बाळासाठी दुपटं हवं होतं. ती त्याला म्हणाली, "कुटलं रं बाबा? झडतीत चिंधी सुटत न्हाय. सुपरवायझरसाबास्नी इचार. लई दयाळू मानूस हाय."

तो माझ्या टेबलापुढं येऊन उभा राहिला. टेबलावर झडतीची वही उघडी होती. तीत रोज सही माझी असते.

मी त्याला म्हणालो, "उद्या ये."